अठ्ठेचाळीस मतं आणि आपले पाडे



२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. म्हणून पाड्याच्या तोंडाशी पुन्हा गाड्या थांबू लागल्या होत्या. गाडी पुढे जात नाही, कारण पुढे रस्ता नाही. मग साहेब चिखल चुकवत येतात, म्हातारीच्या पाया पडतात, फोटो काढतात आणि जातात. त्या पंधरवड्यात एकाच पाड्यात तीन पक्षांची माणसं येऊन गेली. तिघांनीही नळ देतो म्हणून सांगितलं. तिसरा बोलत होता तेव्हा एक आजी त्याला म्हणाली, "बाबा, तू नको देऊ नळ. आधीच्या दोघांनी दिलेत, ते आम्हाला पुरतील." सगळे हसले. तोही हसला.

हसून झालं, पण पोरांचा राग जात नाही. पाड्यांतल्या बैठकांत या वेळी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो बहिष्कार टाकू. दुसरा म्हणतो मशीनवरचं शेवटचं बटण दाबू, नोटा. सगळे एकाच माळेचे मणी, यांना कशाला निवडायचं, असं आमचीच शिकलेली मुलं विचारतात. त्यांना गप्प बसवायला आम्ही हे लिहीत नाही. त्यांचा राग खरा आहे. पण त्यांनी उचललेलं हत्यार आपल्याच पायावर पडणारं आहे, म्हणून लिहितो.

आधी रागाचं बोलू. २०१९ आठवा. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत कारशेडच्या जागेवर करवती सुरू झाल्या. पोलिसांनी रस्ते बंद केले, २९ जणांना अटक केली. सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती, थांबवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. आणि विधानसभेचं मतदान होतं २१ ऑक्टोबरला! म्हणजे मतांना दोन आठवडे राहिलेले असताना हे केलं. एवढी त्यांना आपली भीती. युतीतला एक पक्ष तोडीच्या बाजूने बोलत होता, दुसरा विरोधात बोलत होता, आणि मत मात्र दोघे मिळून मागत होते. झाडं वाचावीत म्हणून मत दिलेला माणूस आणि कारशेड व्हावी म्हणून मत दिलेला माणूस, दोघांचंही मत एकाच खात्यात जमा झालं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. सरकार बदललं, २९ नोव्हेंबरला कारशेडला स्थगिती आली. पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला नेतो म्हणाले, डिसेंबरात हायकोर्टाने ते अडवलं. आरेतली ८१२ एकर जमीन राखीव जंगल म्हणून वनखात्याकडे गेली. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला, ते सरकार पडलं, आणि नव्या सरकारने आल्या आल्या कारशेड पुन्हा आरेत आणली. ८४ झाडांची परवानगी असताना जास्त झाडं मागितली म्हणून सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रोच्या कंपनीला १० लाख दंड ठोकला. दंड भरला, काम चालू राहिलं. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी मेट्रोचं उद्घाटनही झालं.

पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले. एकाने तोडलं, एकाने थांबवलं, एकाने पुन्हा सुरू केलं. प्रजापूरपाड्याची घरं तर या सगळ्याच्या आधीच गेली होती, कुळंच्या कुळं एसआरएच्या इमारतीत कोंबली गेली. आमचं म्हणणं इतकंच आहे की या तिघांपैकी एकानेही पाड्याची सभा बोलावून विचारलं नाही. ज्यांनी थांबवलं त्यांनीही नाही. ८१२ एकरांच्या घोषणेत आदिवासींचे हक्क राखू असे गोड शब्द होते, पण आधी नकाशावर रेषा ओढली आणि मग रेषेच्या आतल्यांना सांगितलं, तुमचं काय असेल ते मांडा. भलं करणाऱ्यालाही आमच्याशी बोलावंसं वाटत नाही, हे आम्हाला जास्त लागतं.

आणि शब्द कसे फिरतात ते बघा. कारशेडला जागा हवी असली की सरकार कोर्टात सांगतं, आरे जंगल नाही. आम्ही वनहक्काचं बोललो की म्हणतात, ही दुग्धविकासची जमीन आहे. मत मागायला आले की आरे मुंबईचं फुफ्फुस होतं. डेअरी आली १९४९ साली. आमचे वाघोबाचे दगड त्याच्या आधीपासून तिथेच आहेत.

आता हत्याराचं बोलू.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. आपल्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकरांना ४,५२,६४४ मतं, अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६. फरक ४८. आपल्या एखाद्या मध्यम पाड्यात याहून जास्त मतदार निघतील. त्याच मतदारसंघात नोटाला पंधरा हजारांवर मतं पडली. पंधरा हजार माणसं रांगेत उभी राहून सांगून आली की आम्हाला कुणीच नको. मग त्यांच्या दारी कुणी गेलं? तुमचं काय दुखतंय म्हणून एका तरी पक्षाने विचारलं? भांडण झालं ते ४८ मतांच्या मोजणीवर. पंधरा हजारांवर चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी बोललं नाही.

नोटा २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आलं. विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. स्थानिक निवडणुकांत मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम बदलला. तिथे नोटा पहिलं आलं तर पुन्हा मतदान घ्यावं लागतं. पण मुंबई महापालिकेची निवडणूक झाली २०१७ मध्ये, मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, आणि २०२४ मध्येही तिथे प्रशासकच बसलेला होता. म्हणजे जिथे नोटाला दात आहेत ती निवडणूकच तेव्हा होत नव्हती. (नगरसेवक नाही म्हणून नळ नाही, असं तेव्हा सांगत. होता तेव्हाही नव्हता.)

बहिष्काराचं त्याहून वाईट. त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. ७ मे १९९७ ला हायकोर्टाने उद्यानातली वस्ती हटवायचा हुकूम दिला. कोण पात्र, कोण अपात्र, हे कशावरून ठरलं? १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीवरून. यादीत नाव असेल त्याने ७,००० रुपये भरायचे आणि चांदिवलीच्या घराची वाट बघायची. नाव नसेल त्याच्या घरावर पत्रे उपसायला माणसं हजर. मत कुणाला दिलं ते कुणी विचारलं नाही. नाव आहे का, एवढंच बघितलं. तेव्हा मतदार यादी पक्षांची नाही, ती आपल्या घराच्या पायातला दगड आहे. रागाने मत देऊ नका हवं तर, पण यादीतून नाव गळू देऊ नका. बीएलओ तपासायला येतो तेव्हा कामावर गेलेल्यांची नावं 'स्थलांतरित' म्हणून उडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

वनहक्क कायदा २००६ च्या नियमांतही मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड हे पुरावे म्हणून लिहिले आहेत. ते नसले तरी खचू नका. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावाच. जुनं घर, विहीर, बांध, मसणवटा, देवाची जागा हेही पुरावेच. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. पंच्याहत्तर वर्षांची अट आपल्याला नाही, ती बिगर-आदिवासींना आहे. कुणी कचेरीत तसं सांगून परत पाठवत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. राष्ट्रीय उद्यान, राखीव जंगल सगळं कायद्याच्या व्याख्येत येतं. पाडा मुंबई शहरात आहे म्हणून कायदा लागू नाही, असं त्यात कुठेही नाही. डहाणू-तलासरीला पेसा आहे, आपल्याला नाही, हे खरं. पण वनहक्काची ग्रामसभा आपलीही आहे. ती आपण बसवत नाही तोवर एसआरएवाल्यांच्या लेखी आपण झोपडपट्टीच.

सरकारचं पुढे काय होणार, असं पोरं विचारतात. आम्हाला त्याचं उत्तर मंत्रालयाकडे बघून सापडत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, डोंगरावरच्या ग्रामसभांना विचारा. बारा सभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. त्या माणसांनी कुठला पक्ष निवडून आणला होता? आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथेही पक्ष येतात, मतं मागतात, जातात. पण बांबू विकायला गाव त्यांची वाट बघत बसत नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला मोर्चा मुलुंड, घाटकोपरवरून शहरात शिरला, तेव्हा आपल्यातले काही जण पाणी घेऊन रस्त्यावर उभे होते. चालणारे बहुतेक आपलेच लोक, पायांची सालं निघालेली. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून ते शेवटचं अंतर रात्रीच चालले. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं सरकारने लिहून दिलं. त्याच लोकांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, मार्च २०२३ मध्ये पुन्हा. लेखी आश्वासनाच्याही मागे लागावं लागतं. तोंडीचं तर सोडाच.

म्हणून मतदानाच्या वेळी काय करायचं? कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही, तो धंदा आमचा नाही. बायांच्या खात्यात पंधराशे आले ते आपलेच पैसे आहेत, घ्या, लाजू नका. पण त्याच्या बदल्यात मत बांधलेलं आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला पाड्याबाहेरचा रस्ता दाखवा. जो येईल त्याला पाड्यात बसवा, सगळ्यांसमोर, आणि कागदावर सही मागा: ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय या पाड्याची मोजणी, हलवाहलव किंवा एसआरएचा सर्व्हे होणार नाही, आणि वनहक्क समितीला तो मान्यता मिळवून देईल. सही करणाऱ्याचा कागद पाड्याच्या पेटीत राहील. सही न करणाऱ्याचं नाव पुढच्या अंकात छापू, पक्ष कुठलाही असो. कोऱ्या कागदावर आणि एसआरएच्या संमतीपत्रावर मात्र आपण कुणी सही करायची नाही. बाटली, साडी, पाचशेची नोट, कशासाठीही नाही.

मतदान झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी वनहक्क समिती निवडायची आहे. दहा ते पंधरा माणसं, त्यांत निदान तिसरा हिस्सा बाया. येताना मतदार कार्ड, रेशनकार्ड, जुनी दंडाची पावती, घराचा जुना फोटो, जे असेल ते घेऊन या. झेरॉक्स काढा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. म्हाताऱ्यांना खांद्यावरून आणावं लागलं तरी आणा, त्यांचे जबाब त्याच दिवशी लिहून घेऊ. पाड्यातली निम्मी माणसं हवीत आणि आलेल्यांत बाया तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरल्या तर कोरम होत नाही. त्यामुळे बाया घरी ठेवून पुरुष एकटे आले, तर सभा पुढच्या रविवारी ढकलावी लागेल.