चवर : हळदीची रानातली बहीण

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं.

सकाळच्या चहात ठेचून घातलेलं आलं, आमटीतली हळद, श्रीखंडातली वेलची आणि संध्याकाळी अंगणात दरवळणारा सोनटक्का. या चौघांचं एकमेकांशी नातं काय?

काय म्हणता, 'चौघांनाही वास येतो'? उत्तर अगदीच चूक नाही, पण अर्धंच आहे. पूर्ण उत्तर असं की ही चौघं एकाच कुळातली आहेत. वनस्पतिशास्त्रात या कुळाला आल्याचंच नाव दिलेलं आहे. जगभरात त्याच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण, दमट, भरपूर पावसाच्या रानांत राहतात. त्यांतल्या चार-पाच आपल्या स्वयंपाकघरात आल्या, दोन-चार बागेत आल्या. बाकीचं सगळं गोतावळं अजून रानातच आहे. आज त्यातल्याच एका नातेवाइकाची ओळख करून घेऊ. नाव आहे चवर.

चवरला भेटायचं तर पावसाळ्यात सह्याद्रीवर जायला हवं. महाबळेश्वर, पाचगणी, साताऱ्याजवळचं कासचं पठार हा तिचा मुलूख. मे महिन्यात गेलात तर मात्र ती दिसणार नाही. दिसेल तो तापलेला जांभा दगड, वाळकं गवत आणि धूळ. कोणीही म्हणेल, 'इथं काय आहे? नुसतं ओसाड!' पण तुमच्या पायाखाली, दगडांच्या फटींतल्या आणि उतारांवरच्या मातीत चवर गाढ झोपलेली असते. खोड नाही, पान नाही, फक्त कंद. त्या कंदात मागच्या पावसाळ्यात साठवून ठेवलेला शिधा असतो.

जूनमध्ये पहिले जोरदार पाऊस झाले की कंदातून कोंब वर येतो. बघता बघता हळदीसारखी रुंद, हिरवीगार पानं पसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोप तुमच्या कमरेला लागेल एवढं, कधी त्याहूनही उंच होतं आणि त्याच्या शेंड्यावर फुलांचं कणीस येतं. या कणसाला हिरवट-पांढरे, पानासारखे पापुद्रे असतात. त्यांना छद म्हणतात. छदांच्या आडून फिकट पिवळसर फुलं डोकावतात. धुक्यात, भुरभुर पावसात, वाऱ्यावर डोलणारी अशी शेकडो कणसं एकत्र पाहिली की वाटतं, इथं कोणी शेती केली आहे की काय!

शेती नव्हे बरं का, ही सगळी रानची पेरणी. पाऊस सरला की पानं पिवळी पडतात, वाळतात, मातीला मिळतात. चवर पुन्हा जमिनीखाली झोपी जाते. चार महिने जागं राहायचं आणि आठ महिने झोपायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत उशिरापर्यंत लोळणाऱ्यांनी हेवा करावा असंच हे वेळापत्रक!

आता तुमच्यातला कोणी चौकस म्हणेल, 'पण रानहळदही अशीच असते ना? मग ओळखायचं कसं?' खूण सोपी आहे. रानहळदीच्या कणसाला वरच्या बाजूला गुलाबी-जांभळट तुरा असतो. चवरला असा रंगीत तुरा नसतो आणि तिचं कणीस नेहमी पानं असलेल्या खोडाच्या टोकावर येतं. हीच खूण तिच्या शास्त्रीय नावातही आहे. ते नाव आहे कुर्कुमा कॉलिना. 'कॉलिना' म्हणजे खोडावरची. आणि 'कुर्कुमा'? ते आहे हळदीचं आडनाव! शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव मागून, अगदी शाळेच्या हजेरीपटासारखं.

या आडनावाचीही एक गंमत आहे. मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहॅम नावाचे एक अधिकारी होते. काम पत्रांचं, पण छंद झाडांचा. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक मोठी यादी त्यांनी तयार केली. ती छापून पूर्ण होण्याआधीच ते वारले आणि राहिलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. 1839 साली निघालेल्या त्या पुस्तकात चवरला 'कुर्कुमा कॉलिना' हे नाव मिळालं, म्हणजे तिला हळदीच्या घरात जागा मिळाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या क्यू इथले शास्त्रज्ञ जॉन बेकर यांनी तिला हळदीच्या घरातून काढून 'हिचेनिया' नावाच्या दुसऱ्या घरात ठेवलं. शंभराहून अधिक वर्षं ती 'हिचेनिया कॉलिना' म्हणून ओळखली गेली. आजही पुष्कळ पुस्तकांत तुम्हाला हेच नाव सापडेल. मग एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून नाती पडताळायला सुरुवात केली, आणि निकाल लागला की चवर हळदीच्याच घरातली! अशी ही बाई माहेरी परत आली.

चवरचे कंद पांढरे आणि पिठूळ असतात. आजारी माणसाला पचायला हलकी म्हणून आरारूटची पेज देतात ना? ते आरारूट मुळात वेस्ट इंडिजकडच्या एका वेगळ्याच वनस्पतीचं. पण एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला चवरच्या कंदांपासूनही आरारूट काढत असत. कंद धुवायचे, किसायचे, पाण्यात कोळून कापडातून गाळायचे. पाणी संथ ठेवलं की तळाला पांढराशुभ्र साका बसतो. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि साका उन्हात वाळवायचा. झालं आरारूट! इंग्रजीत तर चवरला 'भारतीय आरारूट' असंच नाव पडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. चवर ही दुर्मीळ वनस्पती आहे.

लगेच तुम्ही म्हणाल, 'हे कसं? आत्ताच तर सांगितलंत की शेकडो कणसं डोलत असतात!'

प्रश्न अगदी रास्त आहे. असं समजा, एका खेड्यात एकाच आडनावाची शंभर घरं आहेत. गावात बघावं तिकडे तेच आडनाव. शाळेत तेच, ग्रामपंचायतीत तेच, कबड्डीच्या संघातही तेच. गावातल्या माणसाला ते आडनाव दुर्मीळ वाटेल का? मुळीच नाही. पण समजा, त्या गावाबाहेर साऱ्या जगात हे आडनाव कुठेच नाही. आता त्या गावाला काही झालं, तर आडनाव उरेल का?

चवरचं तसंच आहे. ती सह्याद्रीत, तेही ठरावीक पठारांवर आणि डोंगरउतारांवरच वाढते. बाकी जगात कुठल्याही रानात ती आपली आपण उगवत नाही. अशा वनस्पतींना 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. म्हणून दुर्मीळ शब्दाचे दोन अर्थ लक्षात ठेवा. एक, संख्येनं थोडी असणारी. आणि दुसरा, जगात एकच घर असणारी. दुसऱ्या प्रकारची दुर्मीळ गोष्ट समोर ढीगभर दिसते, म्हणून आपण फसतो. 'एवढी तर आहे, दोन उपटली तर काय बिघडलं?' असं प्रत्येक जण म्हणतो.

'पण ती नाहीशी झाली तर आपलं काय अडणार?' असंही कोणी विचारेल. त्याचं उत्तर तुमच्या मिसळणाच्या डब्यात आहे. सांगलीकडे हळदीच्या शेतात जाऊन विचारा. शेतकरी हळदीचं बी पेरत नाही, बेणं लावतो, म्हणजे कंद लावतो. कारण पिकातल्या हळदीला रुजणारं बी सहसा धरत नाही. कंदापासून कंद, त्या कंदापासून पुन्हा कंद. त्यामुळे एका वाणाची सगळी रोपं एकसारखी, जणू एकाच पानाच्या झेरॉक्स प्रती. उद्या एखादा नवा रोग आला आणि एका रोपाला त्याच्याशी लढता आलं नाही, तर शेजारच्या रोपालाही येणार नाही. अशा वेळी पिकांच्या रानटी भाऊबंदांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष जातं. रानात ऊन, पाऊस, कीड सोसत हजारो वर्षं टिकलेल्या या भाऊबंदांजवळ पिकांनी गमावलेले कितीतरी गुण असू शकतात. चवरमध्ये नेमकं काय दडलंय ते शोधायचं, तर आधी ती जिवंत हवी ना!

तिला धोका कुणापासून? कंद उकरणाऱ्या रानडुकरांपासून नव्हे. ती तर पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारी! धोका आहे पठारावर थेट गाडी नेणाऱ्यांपासून, फोटोसाठी फुलांत लोळणाऱ्यांपासून, डोंगर कापून उठणाऱ्या बांधकामांपासून. सह्याद्रीतल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणीही निघाल्या. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि 2012 साली कास पठारासह पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला. हे चांगलंच झालं. पण मान मिळाला की पाहुणेही वाढतात.

आणि एक धोका असा आहे की ऐकून तुम्ही चकित व्हाल. तो म्हणजे वृक्षारोपण! होय, झाडं लावणं चांगलंच, पण योग्य जागी. उघड्या पठाराला 'ओसाड' समजून कोणी तिथं खड्डे खणून झाडं लावली, तर दाट सावली पडते आणि उघड्यावर वाढणाऱ्या छोट्या वनस्पतींची जागा जाते. जिथं झाड नाही तिथं काहीच नाही, असं समजू नका. पुढच्या वेळी शाळेची वृक्षदिंडी निघाली की गुरुजींना आणि बाईंना जरूर विचारा, 'आपण रोपं लावणार आहोत तिथं आधीपासून कोण राहतंय?'

जाता जाता एक उद्योग. चवरचा कंद आणायचा नाही हं, ती तिच्या घरीच बरी. पण तिची बहीण तुमच्या घरी आहेच. बाजारातून ओल्या हळदीचा एक निरोगी तुकडा आणा. मे-जूनमध्ये तो कुंडीत दोन-तीन बोटं खोल लावा. कोंब कधी आला, पानं किती आली, थंडीत ती कधी पिवळी पडली, सगळं तारखेसह वहीत लिहा. पान चुरगळून वास घ्या. कोकण-गोव्याकडे याच पानांत पातोळ्या उकडतात. पानं वाळली तरी कुंडी फेकू नका. आई म्हणाली, 'अगं, यात आता काय उरलंय?' तर तिला कुंडीतली माती थोडी बाजूला करून दाखवा.

मग पठाराकडे पाहून 'ओसाड' हा शब्द तुमच्या तोंडून सहसा निघणार नाही. बघा, निघतो का!