वत्सगुल्माच्या लेकींचे शब्द

राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त एक गोड कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष एकदा रुसून घराबाहेर पडला. त्याला प्रेमाच्या बंधनाने बांधावे म्हणून पार्वतीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या पाठोपाठ धाडले. पूर्वेकडचे देश झाले, पांचाल झाला, अवंती झाली. ठिकठिकाणी त्या वधूने वेष, नृत्य आणि वाणी यांच्या बळावर त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. तो पुरता वश झाला तो दक्षिणेत, वैदर्भी रीतीने. आणि या दोघांचा विवाह झाला तो विदर्भातील वत्सगुल्म नामक नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात वाशीमला मिळालेला हा मान आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगावाही. परंतु त्याच ग्रंथात त्याच राजशेखराने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, तिची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार हा आत्म्याच्या ठायी असतो आणि तो स्त्री-पुरुष असा भेद मानीत नाही, असे त्याचे स्पष्ट मत आहे. स्वतःची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिची मते तो आपल्या ग्रंथात आदराने नोंदवितो. ज्या नगरात काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागले, त्या नगराच्या परिसरातील लेकीबाळींच्या काव्याचे आपण काय केले, हा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो.

उत्तर फारसे सुखद नाही. आपण ते ऐकले, त्यावर वाढलो, आणि मग ते विरून जाऊ दिले.

शब्द नाहीसे होण्याचा अनुभव वाशीमला नवा नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य पुढच्या काव्यशास्त्रकारांनी वाखाणले, पण ते काव्य आज उपलब्ध नाही. इतरांनी उद्धृत केले तेवढ्यापुरतेच ते उरले. या राजशाखेची खरी ओळखसुद्धा 1939 साली वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटामुळे पटली. याउलट याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांनी दहाव्या शतकातील पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये सांभाळली. डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी ती अभ्यासली आणि 1931 पासून कारंजा ग्रंथमालेतून ती प्रकाशातही आली. जे लिहिले गेले आणि ज्याला कोणी राखणदार मिळाला, ते हजार वर्षे टिकले. राजाचे काव्य असूनही ज्याला राखणदार मिळाला नाही, ते गेले. मग ज्यांनी कधी हाती लेखणीच धरली नाही, त्यांच्या काव्याची काय कथा?

स्त्रियांच्या काव्याचा आपल्याकडचा इतिहास पाहिला, तर ते टिकले तेथे बहुधा योगायोगाने टिकलेले दिसते. ‘गाथासप्तशती’त रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावे येतात, ती संग्रहकर्त्याने नोंदविली म्हणून. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा हिचे ‘धवळे’ आपल्यापर्यंत पोहोचले, कारण महानुभाव पंथाने आपले वाङ्मय प्राणपणाने जपले. हे धवळे रचले गेले तेही आपल्याच विदर्भात, रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने. आणि अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर खानदेशातील बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. 1951 साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, घरातल्या मंडळींनी काही रचना टिपून ठेवल्या होत्या, आणि त्या आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आल्या, म्हणून 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ मराठी माणसाच्या हाती पडली. सोपानदेव कवी नसते तर? ज्यांची मुले कवी नव्हती, अशा बहिणाबाई किती गावांत होऊन गेल्या असतील?

त्यांचे काव्यपीठ होते जाते. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, दोघी जणी समोरासमोर बसत. खुंट्याला हात घातला की ओवी आपोआप ओठांवर येई. देवाचे नाव, माहेरची आठवण, भावाची वाट, लेकाचे कौतुक, सासरचा जाच हे सारे त्या घरघरीत मिसळून जाई. दिवसभर जे बोलण्याची मुभा नव्हती, ते त्या वेळी जात्याला सांगता येई. पुढे गावोगावी पिठाची चक्की आली आणि बाईच्या खांद्यावरचे एक जीवघेणे ओझे उतरले. हे चांगलेच झाले. जाते गेल्याचे दुःख करीत बसणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण ओझ्याबरोबर ओवीही उतरली. आज जाते निघते ते लग्नात हळद दळण्यापुरते. त्याच्या भोवती बसलेल्या बायकांपैकी ओव्या येतात त्या म्हाताऱ्यांना. सुनांना एखाददुसरी येते, नातींना मुळीच नाही.

हे धन वेचण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. साने गुरुजींनी 1940 च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’मध्ये शेकडो ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवत आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी या क्षेत्रात आयुष्य वेचले. परंतु सर्वांत मोठे काम झाले ते पुण्याला. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी 1980 नंतरच्या दशकांत मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांपासून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक स्त्रिया एवढा त्याचा पसारा. बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकाने त्यांतील कित्येकींचे आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्यांची पद्धतशीर मांडणी केली. पॉइत्वाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. 2017 पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’ या संस्थेने महाजालावर टप्प्याटप्प्याने खुला केला. आज जगाच्या पाठीवर कोठेही बसून एखाद्या मावळी बाईची ओवी तिच्याच आवाजात ऐकता येते आणि त्याखाली तिचे नाव व गाव वाचता येते.

‘पारी’चे संस्थापक पी. साईनाथ आणि त्यांची मंडळी यांच्या सामाजिक-राजकीय भूमिका या पृष्ठांच्या वाचकांना सर्वस्वी मान्य होतील असे नाही. म्हणून त्यांच्या कामाचे श्रेय नाकारणे हे आपल्या परंपरेत बसणारे नाही. संस्कृतिरक्षणाचा घोष आपण केला, पण म्हातारीच्या ओसरीवर जाऊन ओव्या लिहून घेतल्या त्या इतरांनी. हा सल मनात असावा, आणि त्याचे उत्तर टीकेने नव्हे तर कामाने द्यावे.

वाशीम जिल्ह्यात असे काम करण्यास विपुल वाव आहे. 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, प्रत्येकाची बोली किंचित निराळी, प्रत्येकाची गाणी निराळी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, ती पिढ्यान्पिढ्या मुलींनीच रचलेली आणि मुलींनीच वाढविलेली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे तर देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाच्या स्त्रियांची तीजेची गाणी आहेत, सासरी निघालेल्या नवरीने रडत गायचे ‘ढावलो’ आहेत. महदाइसेचे ‘धवळे’ही लग्नाचेच होते. नावातील हे साम्य खरोखर नात्याचे आहे काय, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञ करतील, पण त्यासाठी ढावलो आधी त्यांच्या कानी तर पडले पाहिजेत! पोहरादेवीला 2024 साली बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय उभे राहिले, ही आनंदाची गोष्ट आहे. वस्तूंना घर मिळाले, आता गोरबोलीतील स्त्रियांच्या वाणीलाही मिळावे.

आणि प्रश्न केवळ जुन्याचा नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर, मुलाच्या जुन्या वहीत, मोबाइलच्या एखाद्या कोपऱ्यात कविता लिहिणाऱ्या स्त्रिया आजही गावोगावी आहेत. 2006 साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशीम आला. या जिल्ह्याविषयी आकडे पुष्कळ छापले गेले. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईने त्या रात्री किंवा त्यानंतरच्या पेरणीला मनाशी काय म्हटले, हे मात्र कोणत्या आकड्यात सापडणार? ते तिच्याच शब्दांत सापडेल, आणि त्या शब्दांना आपल्याकडे आज हक्काची जागा नाही. कविसंमेलनाच्या व्यासपीठावर तिला बोलावणे येत नाही. आले तरी रात्री उशिरा परतायचे कसे, हा प्रश्न असतोच. महाजालावरील व्यासपीठाचे खरे मोल येथे आहे. त्याला उंबरठा ओलांडण्याची परवानगी लागत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, जिल्ह्यातील महाविद्यालये, ग्रंथालये आणि महिला बचत गट यांनी एकत्र येऊन वाशीमच्या स्त्रीकाव्याचे एक कायमस्वरूपी, सर्वांना खुले असे भांडार महाजालावर उभारावे. येथील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. स्वतः शाळेत न गेलेल्या त्या महापुरुषाच्या नावाच्या विद्यापीठाने शाळेत न गेलेल्या कवयित्रींचे काव्य जपावे, याहून उचित ते काय? यासाठी फार मोठा निधी लागत नाही. नातीच्या हातात मोबाइल आहे आणि आजीच्या ओठांवर ओवी आहे. लागते ती शिस्त.

ही शिस्त कोणती? पहिली गोष्ट, प्रत्येक रचनेखाली तिचे नाव असावे. मोबाइलवरून फिरणाऱ्या ‘आजीच्या ओव्या’ निनावी असतात. शब्द बाईचे आणि वाहवा पाठविणाऱ्याची, हा प्रकार थांबावा. दुसरी, तिची संमती घ्यावी आणि नाव न देण्याचा किंवा रचना परत घेण्याचा तिचा अधिकार मान्य करावा. महाजालावर स्त्रीने दोन ओळी लिहिल्या की कोणत्या थराचे बोल तिला ऐकावे लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आधी तिचे रक्षण, मग आपला संग्रह. तिसरी, वऱ्हाडी वऱ्हाडीच राहावी, गोरबोली गोरबोलीच. मास्तरांच्या लाल पेनाने ती ‘शुद्ध’ करू नये. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तो ‘गाथासप्तशती’सारख्या लोकांच्या प्राकृतातील वाङ्मयाच्या आधारे, हे विसरू नये.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे आणि ती विशेषतः आपल्यासाठी आहे. या ओव्यांत विठ्ठल आहे, सीता आहे, भाऊ-बहिणीची माया आहे. ते ऐकून आपला ऊर भरून येतो. पण त्याच ओव्यांत मारणारा नवरा आहे, उपाशी ठेवणारी सासू आहे, मुलगी झाली म्हणून पडलेले तोंड आहे. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्या मायमाउल्यांच्या ओव्यांत पाणवठ्यावरचा अपमान आहे, आणि त्यातून सोडविणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुणगान आहे. यांतले आपल्याला रुचेल तेवढे वेचायचे आणि बोचेल ते गाळायचे, असे केले तर ते संस्कृतिरक्षण नव्हे, ती आत्मवंचना ठरेल. समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर समाजाचे दुखणे सर्वांआधी ऐकले पाहिजे. आईने केलेली तक्रार ही घराची बदनामी नसते.

‘गावगाड्यातल्या बायकांच्या गाण्यांना काव्य म्हणावे काय?’ असा प्रश्न काही पंडित विचारतील. त्यांना राजशेखराकडेच पाठवावे. संस्कार आत्म्यात असतो असे तो म्हणतो. तो पदवीत किंवा छापील पुस्तकात असतो, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

वेळ मात्र थोडा आहे. जात्यावर खऱ्या अर्थाने दळलेली अखेरची पिढी आज सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहे. ताम्रपट जमिनीखाली दीड हजार वर्षे राहू शकतो आणि पुन्हा हाती लागू शकतो. म्हातारीच्या कंठातील ओवी तिच्याबरोबर जाते ती कायमची. काव्यपुरुषाच्या लग्नाचा मान ज्या नगराला मिळाला, त्याने आपल्या लेकींना रिकाम्या हाताने पाठवू नये. येत्या सुटीत घरी गेलात की आजीजवळ घटकाभर बसा, आणि तिला पहिली ओवी म्हणावयास सांगा. उरलेल्या तिला आपोआप आठवतील.