तबकडीचा मालक कोण?

नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत रेडिओपासून मोबाइलपर्यंत सारे दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांच्या टेबलावर कधी मुलांच्या खेळाचे यंत्रही येते. तबकडीवर ओरखडा पडलेला असतो किंवा ती वाचणारे भिंग निकामी झालेले असते. हा सुखवस्तू घरांतला छंद, त्याची चर्चा आपण का करावी, असे काही कार्यकर्ते विचारतील. परंतु प्रश्न खेळाचा नसून मालकीचा आहे.

मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे यंत्र २००५ साली निघाले. त्याच्या डिस्क ड्राइव्हची गुप्त किल्ली मदरबोर्डशी जुळवलेली असते. त्यामुळे बिघडलेला ड्राइव्ह काढून तसाच दुसरा बसविला तरी खेळ सुरू होत नाही. मूळ तबकडीची राखीव प्रतही यंत्र नाकारते. म्हणूनच कारागीर ड्राइव्हमधील आज्ञावली बदलू लागले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने या यंत्राचे ऑनलाइन दुकानही बंद केले. आता जुनी तबकडी जपणे एवढाच मार्ग ग्राहकापुढे उरतो.

आपला कायदा याबाबत कंपन्यांहून उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक-आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढू देते. २०१२ साली आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते खरे. पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. दुसऱ्याला मदत करणाऱ्या कारागिराने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवावे, एवढी अट आहे.

बदललेल्या ड्राइव्हवर चोरीच्या प्रतीही चालतात, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही. खेळ रचणारेही श्रमिकच आहेत. त्यांच्या श्रमाची चोरी आम्हाला मान्य नाही. परंतु चोराला शिक्षा करण्यासाठी प्रत्येक ग्राहकाच्या घराला बाहेरून कुलूप लावणे हा न्याय नव्हे.

हेच कुलूप उद्या ट्रॅक्टरला लागले तर मराठवाड्यातील शेतकरी पेरणीच्या तोंडावर कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती-अवजारांचाही त्यात समावेश केला. तेवढ्याने भागणार नाही. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि किल्ली देणे कंपन्यांवर बंधनकारक व्हावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर गावोगावच्या कारागिरांना नोंदवहीचे महत्त्व समजावून सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.