हुकूम मोडला ते बरे केले



मोठ्या वर्गांतील मुलांमध्ये हल्ली महागड्या घड्याळांची चर्चा फार असते. कोणत्या क्रिकेटपटूच्या मनगटावर कोणते घड्याळ आणि त्याची किंमत किती लाख, ही माहिती सनावळीपेक्षा जास्त पक्की पाठ असते. तेव्हा या वेळी त्यांच्याच आवडीचा विषय घेतो. मात्र किमतीबद्दल मला फारसे बोलायचे नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवणारे आणि शिवाय स्टॉपवॉचचे कामही करणारे घड्याळ. बाजूचे बटण दाबले की मोठा काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, दुसरे बटण दाबले की झटकन शून्यावर येतो. सेलवर चालणाऱ्या घड्याळात हे सोपे आहे. चावीच्या किंवा हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात मात्र हे सगळे चाके, तरफा आणि स्प्रिंगा यांच्याकडून करवून घ्यावे लागते, आणि तेही रुपयाच्या नाण्याहून थोड्याशा मोठ्या जागेत. काटा शून्यावर कसा येतो ते पाहा. काट्याच्या आसावर पिंपळपानाच्या आकाराची एक चकती असते. तिच्यावर एक चपटी हातोडी येऊन दाबते. चकती कोणत्याही स्थितीत असो, दाब पडताच ती गरकन फिरते आणि देठाजवळचा खळगा हातोडीखाली येऊनच थांबते. अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले आणि आजही तीच वापरात आहे. जाड पुठ्ठ्याचे पान कापून, देठाजवळ टाचणी टोचून, पट्टीने दाबून पाहा. घरी करता येण्यासारखे आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. स्वित्झर्लंडमध्ये जुरा डोंगरात ल लोक्ल नावाचे घड्याळजींचे गाव आहे. तिथे १८६५ मध्ये झेनिथ कंपनी सुरू झाली. या कंपनीने १० जानेवारी १९६९ रोजी एक नवे यंत्र जाहीर केले आणि त्याला नाव दिले ‘एल प्रिमेरो’, म्हणजे पहिला. आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ कोणी आधी केला, यावर त्याच वर्षी पुढे आलेले दुसरे स्विस गट आणि जपानची सायको कंपनी यांच्यात आजही वाद घातला जातो, तो आपण सोडून देऊ. एल प्रिमेरोचे वेगळेपण त्याच्या वेगात आहे. त्याचे ठोके तासाला ३६,००० पडतात, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. आपल्या जुन्या कालगणनेत २४ मिनिटांची घटिका, २४ सेकंदांचे पळ आणि पळाचा साठावा भाग म्हणजे विपळ. हे यंत्र पाव विपळ मोजते. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे घड्याळालाच ‘घड़ी’ म्हणतात, म्हणून हा हिशेब मला पहिल्यापासून जवळचा वाटतो. मराठीत मात्र घडी म्हटले की धोतर आठवते.)

त्याच वर्षाच्या शेवटी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, सायकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. सुरुवातीला तेही फार महाग होते, पण दहा वर्षांत स्वस्त झाले. चांगले यांत्रिक घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद इकडेतिकडे होते. साधे क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकते. ग्राहकाने काय घ्यावे हे सांगायला नको. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसे काम करत होती, पुढील पंधरा-वीस वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली.

झेनिथ १९७१ मध्ये शिकागोच्या एका रेडिओ-टीव्ही कंपनीने विकत घेतली. योगायोगाने तिचेही नाव झेनिथच होते. सन १९७५ मध्ये अमेरिकेतून आदेश आला की यांत्रिक घड्याळांचे उत्पादन बंद करा, यंत्रे आणि अवजारे विकून टाका. कारखान्यात शार्ल व्हर्मो नावाचे एक प्रमुख कारागीर होते. एल प्रिमेरो त्यांच्या हाताखाली घडलेले. निदान एक लहानशी कार्यशाळा राहू द्या, असे त्यांनी वरिष्ठांना कळवून पाहिले. उपयोग झाला नाही. मग त्यांनी काम संपल्यावर ठसे, साचे, कॅम, कापणीची अवजारे थोडी थोडी करून कारखान्याच्याच पोटमाळ्यावर नेली आणि झाकून ठेवली. प्रत्येक वस्तू कशाची आहे आणि कोणत्या कामाला लागते, याची नोंद केली. मालकाला पत्ता नव्हता.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी विचारतो, हे त्यांनी बरोबर केले का? नोटीस फळ्यावर लागली की ती पाळलीच पाहिजे असे मी रोज सांगतो, तेव्हा मला हा प्रश्न टाळता येणार नाही. शिवाय मुले उद्या व्हर्मोंचे नाव माझ्याच तोंडावर फेकतील, हेही मला ठाऊक आहे.

माझे मत असे की त्यांनी बरोबर केले. आधी रीतसर विचारले. एकही वस्तू घरी नेली नाही, विकली नाही. मालकाची वस्तू मालकाच्याच छपराखाली राहिली. स्वतःला काही मिळण्याची आशा नव्हती, पकडले गेले असते तर नोकरी मात्र गेली असती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहून ठेवले. नुसते लपवले असते तर दहा वर्षांनी तो लोखंडाचा ढीगच ठरला असता. गृहपाठाची वही लपवणाऱ्याने यातली एक तरी अट पुरी करून दाखवावी, मग बोलू.

कोणी म्हणेल, प्रत्येक कर्मचारी आपल्या मनाने ठरवू लागला तर संस्था चालेल कशी? चालणार नाही, मान्य. पण इथे दोष मी आदेश देणाऱ्याकडे देतो. उत्पादन थांबवणे त्या वेळी चूक नव्हते, तोटा होत होता. थांबवणे आणि मोडून टाकणे यांत मात्र फरक आहे. थांबवलेले पुन्हा सुरू करता येते. अवजारे भंगारात घालून जे पैसे आले असते ते ती घडवायला लागलेल्या खर्चापुढे काहीच नव्हते. हा फरक एका कारागिराला दिसला आणि समुद्रापलीकडच्या कचेरीत दिसला नाही. ज्याच्या हातून वस्तू घडली त्याला कोणी विचारलेच नाही. विश्वस्त मंडळींनी राग मानू नये, पण दर उन्हाळ्यात आपल्याकडेही भंगारवाला येतो, आणि यादी करताना प्रयोगशाळेच्या शिपायाला विचारण्याची पद्धत नाही.

आपल्या देशातले उदाहरण एचएमटीचे. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळूरुला हा घड्याळांचा कारखाना निघाला. आमच्या पिढीत नोकरी लागली की हाताला एचएमटी लागे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आता एखादे चावीचे एचएमटी दुरुस्तीला न्या, घड्याळजी बहुधा दुसरे मेलेले एचएमटी उघडून त्यातला भाग काढून बसवतो.

ल लोक्लमध्ये वेगळे घडले. झेनिथ १९७८ मध्ये पुन्हा स्विस मालकांकडे आली. यांत्रिक क्रोनोग्राफला मागणी येऊ लागली, तेव्हा नव्याने अवजारे घडवायची तर खर्च परवडणारा नव्हता. व्हर्मोंनी पोटमाळा दाखवला. सन १९८४ मध्ये एल प्रिमेरोचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. रोलेक्ससारख्या कंपनीने १९८८ च्या आपल्या डेटोना घड्याळासाठी हेच यंत्र घेतले, त्याचा वेग तासाला २८,८०० ठोक्यांवर आणून, आणि स्वतःचे यंत्र तयार होईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, तेच वापरले. त्याच वंशातले डेफी २१ हे घड्याळ २०१७ मध्ये आले. त्यात वेळेसाठी एक आणि मोजणीसाठी दुसरी अशी दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. मोजणीचे ठोके तासाला ३,६०,००० पडतात आणि मधला काटा एका सेकंदात पूर्ण फेरी मारतो. मुलांनो, तुम्ही ज्यांच्या किमती पाठ करता त्यांतलेच हे एक.

तो पोटमाळा झेनिथने जपून ठेवला आहे आणि कारखाना पाहायला आलेल्यांना तो आता अभिमानाने दाखवतात.