११३३५ ही कोणाची तारीख?
मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे हे चौघे स्वातंत्र्यसैनिक येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. सोलापूर ती तारीख विसरलेलं नाही. एक्सेल मात्र ती ११३३५ अशी साठवतं: १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस, आणि त्या वर्षी नसलेला २९ फेब्रुवारीही ते मोजतं. हाच आकडा ‘आर’ या संगणकभाषेत तसाच नेला, तर तिथली मोजणी १ जानेवारी १९७० पासून, उत्तर येतं १३ जानेवारी २००१! सत्तर वर्षांची चूक, आणि संगणक साधी सूचनाही देत नाही. जुन्या नोंदींवर काम करणाऱ्या मुलांनो, ‘आर’ला आरंभाची तारीख ३० डिसेंबर १८९९ द्या (एक्सेलची मोजणी शून्याऐवजी एकपासून, शिवाय तो एक जादा दिवस, म्हणून दोन दिवस मागे), आणि एक तरी नोंद मूळ कागदाशी ताडून पाहा.