कॅम्प पाड्यावर, पण पाडा कॅम्पात?

खरं सांगा, एनएसएसला नाव दिलंत ते ग्रेस मार्कांसाठी ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. वर्षाला १२० तास सेवा आणि वर सात दिवसांचं निवासी शिबिर, हे जमतं कोणाला?

चिंचणी-तारापूरकडच्या कॉलेजांचंच बघा. एका बाकावर बागायतदाराचा मुलगा, मच्छीमाराची मुलगी आणि वारली पाड्यावरून येणारा, लेक्चर संपलं की बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टला पळणारा पोरगा. बिनपगारी १२० तास त्याने आणायचे कुठून? तो युनिटमध्ये नसतोच. मग कॅम्प त्याच्या पाड्यावर जातो, टीशर्टवाले झाडू मारतात, पथनाट्य करतात (व्यसनमुक्तीचं तर ठरलेलंच!) आणि हा बघ्यांत उभा. एनएसएस आणि तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, दोन्ही १९६९ची. वीज लांबवर पोचली, सेवेचं बोट मात्र अजून पाड्याकडेच रोखलेलं.

त्यात शिबिरं बहुतेक हिवाळ्यात. दिवाळीनंतर पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती परततात पावसाच्या तोंडावर. मग साक्षरतेची रॅली कोणासाठी?

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ला सुरू केलेलं काम १९५७मध्ये कोसबादच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरं राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. वेळ आणि जागा मुलांची, शिकवणं बाईंचं.

आपल्याला एवढं नाही जमणार, ठीक आहे. पण कॅम्पची तारीख पाड्यावर विचारून ठरवता येते. तास शिफ्ट बघून वाटता येतात. रविवारी सकाळी दोन तास जातीच्या दाखल्याचे, वनहक्काचे फॉर्म भरून द्यायचे, तेही तासांत धरायचे. एखाद्या आजीला तलाठ्याकडचा कागद समजावायचा तर भाषा त्या पोराची लागते, तुमची-माझी नाही. तिथे लीडर तो, आपण हाताखाली. हा तालुका पेसात येतो, म्हणजे ग्रामसभेच्या हातात इथे जास्त अधिकार आहेत. कागद वाचून दाखवणारा पोरगा उद्या तिथे उठून बोलला, तर त्याला 'बस खाली' म्हणणं जरा अवघड जाईल.

यंदाच्या शिबिराची मीटिंग लागली की एवढंच विचारा: आपल्या युनिटमध्ये पाड्यावरचे कितीजण आहेत, आणि माइक त्यातल्या कितीजणांच्या हातात असतो?