ब्लॉसमच्या गोतावळ्यासाठी

आजीच्या दंडावरचा तो गोल, खळगा पडलेला वण आठवतो? ‘लहानपणी देवी टोचल्या होत्या,’ म्हणायची आणि पदर सारखा करायची. त्या वणाचा माग काढत गेलं की आपण एका गाईपाशी पोचतो. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातली ही गाय, नाव ब्लॉसम.

१७९६च्या मे महिन्यात बर्कली गावातल्या सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर फोड आले. ब्लॉसमची धार काढताना तिच्या सडांवरून ते साराला लागले होते. डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी त्यांतला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे व्हिएन्ना, बगदाद, बसरा करत देवीची लस मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती टोचली. भारतात देवीची लस मिळालेली ती पहिली. ‘व्हॅक्सीन’ या शब्दातच गाय आहे. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात.

ब्लॉसमचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात जपून ठेवलं आहे. तिची ग्लॉस्टर जात मात्र आपण सगळ्यांनी मिळून जवळजवळ घालवलीच होती.

आणि गाय तरी कशी देखणी! अंग काळपट तपकिरी, डोकं आणि पाय काळे, शिंगं वर वळलेली, टोकांना काळी. पाठीच्या मध्यापासून एक पांढरा पट्टा निघतो, शेपटीवरून खाली उतरतो आणि कासेवरून पोटापर्यंत जातो. चुन्याचा कुंचला एकदाच, न थांबता फिरवावा तसा. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात तेराव्या शतकापासून तिचा वावर आहे. बैल अंगाने दणकट पण स्वभावाने गरीब, म्हणून नांगराला चालत. दुधातले स्निग्धकण बारीक, म्हणून चीज उत्तम होई. सिंगल आणि डबल ग्लॉस्टर ही प्रसिद्ध चीजं याच दुधातून जन्माला आली.

मग झालं काय? अठराव्या शतकात गुरांची साथ आली. नंतर लाँगहॉर्न आणि शॉर्टहॉर्न गुरांनी तिची दावण बळकावली. पुढे बादल्या भरून दूध देणाऱ्या फ्रीजियन गाई आल्या आणि हिशेबाच्या वहीत ग्लॉस्टर मागे पडली. १९१९मध्ये पैदासकारांनी संस्था काढली, तरी ओहोटी थांबली नाही. १९७२ उजाडेपर्यंत नाव घ्यावा असा एकच कळप उरला होता, विक कोर्ट या शेतावरच्या दोन बहिणींचा. तोही लिलावात निघाला.

पण काही माणसं हट्टी असतात, आणि बरंच आहे ते! थोड्या लोकांनी त्या गाई विकत घेतल्या आणि १९७३मध्ये संस्था पुन्हा उभी केली. चार्ल्स मार्टेल यांनी तर या गाईंसाठी म्हणूनच चीज करायला घेतलं. त्यांनी नुसता गळा काढला नाही, दुधाला गिऱ्हाईक मिळवून दिलं. आपल्याला हेच करायचं आहे.

‘परदेशातल्या गाईचं आपल्याला काय?’ असं कोणी विचारेल. आजीचा दंड आठवा, एवढंच म्हणेन. आणि एकाच जातीच्या गाई जगभर बांधल्या, तर उद्या नवा रोग आला की पर्याय कुठून आणणार? डांगी, देवणी, खिल्लार यांच्या काळजीने आपण बोलतो, तीच ही काळजी. ही गुरं तिकडे मांसासाठीही पाळतात. आपल्यातल्या अनेकांना ते रुचणार नाही. हरकत नाही, दुधाची बाजू आपण उचलू.

आपली कितीतरी मंडळी लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टलला आहेत. सुपरमार्केटातलं डबल ग्लॉस्टर बहुधा दुसऱ्याच गाईंच्या दुधाचं असतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. सिंगल ग्लॉस्टर मागा. ते नाव लावायचं तर चीज ग्लॉस्टरशरमध्येच, ग्लॉस्टर गाई पाळणाऱ्या शेतावर करावं लागतं. शाकाहारी असाल तर दूध साकळायला वापरलेलं रेनेट प्राणिज आहे की शाकाहारी, तेवढं विचारून घ्या.

सुट्टीत मुलांना घेऊन बर्कलीला जा, जेन्नर यांचं घर दाखवा. परतताना वाटेत एखाद्या शेतावर थांबा, पांढऱ्या पट्ट्याची गाय दाखवा. जमेल त्यांनी दुर्मीळ जातींसाठी झटणाऱ्या तिथल्या संस्थेची वर्गणी भरा, तीही १९७३चीच. तिच्या स्थापनेनंतर ब्रिटनमधली पाळीव जनावरांची एकही देशी जात नामशेष झालेली नाही.

तिकडे कोणी नसेल, तर हा लेख तिकडच्या भाच्याला, मावशीला पाठवा. येत्या शनिवारी बाजारात एवढंच विचारायला सांगा: सिंगल ग्लॉस्टर आहे का? नसेल, तर कधी आणणार?